चाळणीवाले आप्पा

चाळणीवाले आप्पा कारखान्यात आले की आधी मशीन बंद करायला लावायचे आणि मग स्वतः सुरू व्हायचे. "बंद करा जरा. दोघं एकदम बोललो तर तुम्हाला कोणाचंच कळायचं न्हाई," असं म्हणत धुळीनं पांढरी झालेली पिशवी खाली ठेवायचे, चाळणीच्या पत्र्यावरून तळहात फिरवायचे आणि आठवडाभर कुठं कुठं काय पाहिलं ते सांगायला लागायचे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाणे कंपनीत मी नुकताच इंजिनिअर म्हणून लागलो होतो. बियाणं साफ करायच्या यंत्रात भोकाभोकांचे पत्रे असतात. ते बसवणं, ताणणं, बदलणं हे आप्पांचं काम. ते कुणाच्याच नोकरीत नव्हते. वडीगोद्रीहून सकाळच्या बसनं यायचे आणि वसाहतीतल्या झाडून सगळ्या कंपन्यांत, परतूरच्या डाळ मिलमध्ये, बोलावणं येईल तिथं जायचे. शेजारच्या कंपनीची आणि आमची भिंत एक होती, पण तिथल्या इंजिनिअरशी मी पाऊसपाण्यापलीकडं कधी बोललो नव्हतो. स्पर्धक ना आम्ही! जे काही बोलणं व्हायचं, ते आप्पांच्या तोंडून.

पहिल्याच हंगामात माझ्या चाळण्या सारख्या तुंबायच्या. दर तासाला मशीन थांबवून माणसं ब्रशनं भोकं मोकळी करत बसायची. ते पाहून आप्पा हसले. "इंजिनिअर साहेब, भिंतीपलीकडं चाळणीखाली रबरी गोळे सोडलेत त्यांनी. चाळणी हलली की गोळे उड्या मारतात, अन् अडकलेला दाणा आपोआप सुटतो. तुम्ही बी सोडा." दोन दिवसांत माझी डोकेदुखी संपली. मालकांनी माझी पाठ थोपटली. गोळे कुणाचे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एवढं सगळं सांगत फिरणारा हा माणूस एका बाबतीत मात्र मुका होता. कुणाकडं कोणतं नवं वाण तयार होतंय, त्याचे प्लॉट कुणाच्या शेतात आहेत, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं, पण ओठांवर यायचं नाही. मी एकदा गमतीत विचारून पाहिलं. आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, दाणा ज्याचा त्याचा. चाळणी सगळ्यांची. पुन्हा विचारू नका." त्या दिवशी त्यांनी आमचा चहाही घेतला नाही.

परतूरच्या एका डाळ मिलमध्ये पोकळ दाणा उडवायला चाळणीच्या तोंडाशी पंख्याची हवा दोनदा देतात, हेही मला आप्पांनीच सांगितलं. मी त्यात थोडे फेरफार केले, पंख्याचा कोन बदलला आणि आमच्या यंत्राला ते बसवलं. माल असा काही निघायला लागला की मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मला विभागप्रमुख केलं. महिनाभरातच तसलाच पंखा शेजारी फिरायला लागला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आपली गोष्ट भिंतीपलीकडं गेली कशी?" त्यांनी एवढंच विचारलं, पण मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले तेव्हा मी ऑपरेटरांसमोरच त्यांना म्हणालो, "आप्पा, आमच्याकडचं बाहेर सांगायचं नाही. हवं तर तसं लिहून घेईन."

आप्पा गोंधळले. "कोणचं? पंख्याचं? अहो, ते परतूरचं हाय. मीच आणल्तं ना तुमच्याकडं? मंग तुमचं कधी झालं?"

एक ऑपरेटर तोंड फिरवून हसला. आप्पांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. पण माझे कान तापले ते तापलेच.

पंधरा दिवसांनी वसाहतीतल्या आम्हा अधिकाऱ्यांची बैठक होती. नंतर चहा पिताना एक जण कुरकुरला, "आमच्या नव्या वाणाचं नाव बाजारात आधीच फुटलं. कसं फुटलं कळंना." मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आमच्याकडंही असंच झालं. आप्पा सगळीकडं फिरतात. विचार करा."

बस, एवढंच बोललो. आमच्याकडं तसं काहीही झालेलं नव्हतं. आप्पांच्या युक्त्या एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जायला आठ-दहा दिवस घ्यायच्या; माझं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचलं. त्या आठवड्यात आप्पा पाच फाटकांवरून परत गेले. सहावं आमचं होतं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," असं वॉचमननं सांगितलं. मी वरच्या खिडकीत उभा होतो. आप्पा उन्हात बराच वेळ थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बसथांब्याकडं चालू लागले. मी खाली उतरलो नाही.

पुढं दोन हंगाम गेले. आमचं सोयाबीनचं बियाणं उगवेना. दाणा वरून टाकीत पडताना आतून तडकत होता. बाहेरून तज्ज्ञ आणले, यंत्राचा वेग कमी केला, काही उपयोग नाही. शेवटी लाज गुंडाळून मी वडीगोद्री गाठली. आप्पा घरासमोर पिठाच्या गिरणीची चाळणी विणत बसले होते. उठले, मुलीला पाणी आणायला सांगितलं, मला खाट दिली. मी अडचण सांगितली.

"अरे देवा, अजून तिथंच अडकलात?" ते कळवळून म्हणाले. "भिंतीपलीकडं कधीच सोडवलंय ते. टाकीत जुन्या पट्ट्याच्या रबराच्या पायऱ्या केल्यात. दाणा धपकन पडत न्हाई, उतरत जातो. तिथला एक कामगार मागं भेटल्ता, त्यानं सांगितलं. म्या म्हणलं, तुमच्याकडं बी पोचलं असंल."

कसं पोचणार होतं? पोचवणाऱ्याला मीच घरी बसवलं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "आप्पा, ते वाणाचं... तुमचं नाव मी घेतलं होतं."

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. हातातली तार त्यांनी खेचून बसवली. "मला सांगून काय उपयोग? ज्यायला सांगितलं व्हतं, त्यायला जाऊन सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. पायऱ्या बसवल्या, बियाणं सुधारलं. हंगाम संपला की सांगू, असं ठरवलं. मग हिशेबतपासणी आली, मग दुसरा हंगाम. बैठकीत त्याच लोकांबरोबर चहा होत राहिला आणि प्रत्येक वेळी मी कप संपवून निघत राहिलो. दिवाळीनंतर एका सकाळी कळलं की आप्पा गेले.

सुतक फिटल्यावरच्या गंधमुक्तीच्या जेवणाला वसाहतीतले बरेच जण आले होते. पंगतीत माझ्या शेजारी तोच बसला होता, ज्याच्या वाणाचं नाव फुटलं होतं. भात कालवत तो हळहळून म्हणाला, "हाताला कला होती म्हाताऱ्याच्या. तेवढं एक तोंड सांभाळलं असतं तर..."

"त्यांनी सांभाळलं होतं," मी म्हणालो. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "ते मी रचलं होतं. आप्पांनी कुणाच्या वाणाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मी विचारलं होतं, तरी नाही."

पंगत थांबली. समोरच्या ओळीत शेजारच्या कंपनीचा इंजिनिअर होता; त्यानं हातातला घास परत पानात ठेवला. वरणाचं भांडं घेऊन आप्पांची मुलगी आमच्यापर्यंत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली. ती पुढं निघून जाईल, असं मला वाटलं. जायलाच हवं होतं.

तिनं वाकून माझ्या भातावर वरण वाढलं, इतरांना वाढलं होतं तेवढंच, आणि पुढच्या पानाकडं गेली. मान वर न करता मी तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.