घाटाखालचे पाहुणे आले तर काय करावे?

माणसाचा आवाज कितीही खणखणीत असला तरी सर्चला तो ऐकू येत नाही, हे मला माझ्या मुलीने शिकवलं. तोवर मी आवाजाच्या भरवशावरच जगलो होतो. नेकनूरला माझा मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे, आणि लग्नात माईकवर बोलायचं कामही मीच करतो. नवरदेव मारुतीच्या पाया पडून येईपर्यंत भुकेलं वऱ्हाड खुर्चीत बसवून ठेवायचं म्हणजे चेष्टा नाही. मी ते नुसत्या गप्पांवर करत आलो. माझ्या गप्पांपायी लोक अक्षता हातात धरून हसलेत आणि मुहूर्त टळलाय, असंही झालंय.

लग्नसराई संपली की माईक गप्प आणि मीही गप्प. माझं गप्प बसणं बायकोला मानवायचं, मला नाही. म्हणून मी पॉडकास्ट सुरू केलं. मांडवाच्या गोदामात सतरंज्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलं की आवाज घुमत नाही, रस्त्यावरचे हॉर्न आत येत नाहीत. तिथे बसून मी बोलायचो. पॉडकास्टचं नाव ठेवलं ‘मांडवातल्या गप्पा’ आणि भागांना नावं दिली ‘ओंजळ’, ‘पाऊलखुणा’, ‘उगीच काहीबाही’. ऐकायला कोण? मी, माझा मेव्हणा, आणि मेव्हणा झोपला की परत मी.

मुलगी परळीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सुट्टीला घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे रडगाणं गायलं. तिने मोबाइलवर ‘मांडवातल्या गप्पा’ टाकून पाहिलं. आधी मांडव, खुर्च्या, भांडी भाड्याने देणाऱ्यांची रांग आली. त्या रांगेत आमच्याच रस्त्यावरचा माझा स्पर्धक छाती काढून उभा होता. मी कुठेच नव्हतो.

“पप्पा, ‘ओंजळ’ कोण शोधतं?” ती म्हणाली. “तुम्हाला काय म्हणायचंय ते राहू द्या. लोक काय टाइप करतात ते बघा.”

तिने नुसतं ‘पाहुणे’ लिहिलं. खाली त्या मोबाइलनेच पुढचं सुचवलं, ‘पाहुणे लवकर जावेत म्हणून काय करावे’. मी मांडीवर थाप मारली. अख्खा महाराष्ट्र दार लावून हे विचारत होता आणि मी त्याला ‘पाऊलखुणा’ ऐकवत होतो!

त्याच दिवशी गोदामात बसून मी बोललो. आम्ही घाटावरचे, बालाघाटाच्या माथ्यावरचे, मुरमाड रानाचे. घाटाखालची मंडळी धरणाच्या पाण्याची, उसाची. त्यांची थट्टा आमच्याकडे आईच्या दुधातून मिळते. मी सांगितलं की घाटाखालचे पाहुणे दहाला येतो म्हणून साडेआठला दारात उभे राहतात, कारण घाटात ट्रक आडवा होईल ही त्यांची कायमची धास्ती. पाण्याचा कॅन घरून आणतात. तरीही तुमच्या तांब्यातला एक घोट तोंडात धरतात, दोनदा फिरवतात, गिळतात आणि तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणतात, “जड हाय.” चहा नको नको म्हणत बशीने दोनदा पितात. कुठलाही विषय काढा, तो तिसऱ्या वाक्याला उसात शिरतो. आणि निघताना एक पाय जीपमध्ये टाकून म्हणतात, “कळवतो.” हे ‘कळवतो’ आजवर कुणालाच कळलेलं नाही, ते घाट उतरताना त्यांच्या खिशातून पडतं.

यातलं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एक मात्र शुद्ध थाप होती. बसल्या बसल्या भिंतीवर टिचकी मारून, तिला कान लावून “नऊ इंची का सा इंची?” अशी जाडी विचारणारा पाहुणा मी घातला होता. तसा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये टकटक छान वाजते म्हणून मीच त्याला जन्म दिला.

मुलीने शीर्षक लिहिलं, ‘घाटाखालचे पाहुणे आले तर काय करावे?’ खाली वर्णनात तालुक्यांची नावं, सोयरीक, बैठक, चहा, सगळं घातलं. माझं नाव घातलं. मग मी बोललेला शब्द न् शब्द टाइप करून खाली जोडला. “सर्चला कान नाहीत पप्पा, डोळे आहेत,” ती म्हणाली. शिवाय मला बजावलं की लोकांना लिंक पाठवू नका, शोधायला लावा. शोधून आपल्यावरच बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं की ते वर सरकतं.

मग काय! पुढच्या सराईत मी प्रत्येक मांडवात माईकवरून हुकूम सोडला, “मंडळी, मोबाइल काढा! लिहा, घाटाखालचे पाहुणे!” चौसाळ्याच्या एका लग्नात तर अक्षतांपेक्षा मोबाइल जास्त वर गेले. एपिसोड चढत गेला. आणि एक दिवस कुणी ‘घाटाखालचे पाहुणे’ टाको, ‘मांडव’ टाको नाहीतर माझं नाव टाको, पहिला तोच! स्पर्धक खाली गेला. मी त्याच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा चकरा मारल्या.

इथवर सगळं आनंदाचं. पुढे वर्षभराने मुलीने आईजवळ मन उघडलं. परळीच्या वीज केंद्रात नोकरी करणारा एक मुलगा तिला आवडला होता, तिला तो आणि त्याला ती. आपल्याच सोयरिकीतला, घरचा चांगला. फक्त थोरांनी ठरवल्यासारखं दिसावं एवढंच बाकी होतं. मी खूश. मी विचारलं, “गाव कोणतं?”

“माजलगावकडचं,” बायको म्हणाली. “घाटाखालचं.”

मेव्हण्याला मध्यस्थ घातलं. तो बोलणी करून आला, बैठकीचा दिवस ठरवून आला, आणि चहाचा कप तोंडाला लावता लावता म्हणाला, “मुलाच्या वडलांनी तुमची चौकशी कुणाकडं केली न्हाई दाजी. म्हणले, नाव मोबाइलवर टाकून बघतो.”

मी मोबाइल काढला. माझं नाव टाकलं. पहिला.

त्या आठवड्यात मी जेवढा अडकलो तेवढा कधी अडकलो नव्हतो, आणि बांधणारी दोरीही माझीच होती. मी म्हणालो, काढूनच टाकतो. मुलगी म्हणाली, “काढलात तरी शीर्षक काही दिवस तसंच दिसत राहील. ते दाबतील आणि आत काही निघणार नाही. मग काय समजतील? मुद्दाम लपवलं म्हणून.” तिचं बरोबर होतं. त्यांनी आधीच ऐकलं असेल तर काढणं म्हणजे कबुली, आणि ऐकलं नसेल तर ते शीर्षक म्हणजे आमंत्रण.

मग मी दुसरी चाल केली. गोदामात जाऊन नवा एपिसोड केला, ‘घाटाखालच्या पाहुण्यांचा मोठेपणा’. त्यात त्यांचं पाणी, त्यांची माणुसकी, त्यांचा ऊस, सगळ्याची आरती ओवाळली. तो कुणीच ऐकला नाही. मी स्वतः मध्येच बंद केला. तो सर्चमध्ये इतका खाली गेला की त्याला शोधता शोधता अंगठा दुखला, आणि तिथेही शेजारी ‘हेही ऐका’ म्हणून पुन्हा तोच पहिला एपिसोड!

बरं, खाली गेलाय का बघायला मी तासातासाला नाव टाकायचो. बायको टाकायची. मेव्हणा त्याच्या गावाहून टाकायचा. आणि त्यात काय काय बोललंय याची धास्ती वाटून प्रत्येकजण तो पुन्हा ऐकून बघायचा. शेवटी मुलगी परळीहून फोनवर ओरडली, “अहो, तुम्हीच सगळे त्याला वर ढकलताय!”

बायकोने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. “आता हात लावताव तर बघा. काहून गेलताव त्या गोदामात तोंड घेऊन?”

मुलगी बैठकीसाठी आदल्या दिवशी आली. वडलांनी ऐकलंय का म्हणून तिने त्या मुलाला विचारलं होतं, तर तो ‘ते काही पत्ता लागू देत नाहीत’ एवढंच म्हणाला होता. तिने मला दोष दिला नाही. शीर्षक तिचंच होतं. पण ताटातली भाकर ती नुसती मोडत राहिली, आणि एवढंच म्हणाली, “पप्पा, उद्या जरा कमी बोला.”

बैठक दहाची. साडेआठला मी मोरीत होतो, तोंडाला साबण, आणि दारात जीप थांबली. कसंबसं तोंड धुऊन बाहेर आलो. मुलाचे वडील उतरले. उंच, पांढरी टोपी, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही असा माणूस.

“राम राम पाव्हणं. जरा येळंच्या आधी आलो. घाट हाय, ट्रका आडव्या होत्यात.”

मी मनात म्हटलं, बरोबर आहे, म्हणूनच तर मी तसं बोललो होतो. मागून मुलगा उतरला, हातात पाण्याचा कॅन. तेही खरंच असतं. गादीवर बसले. बायकोने तांब्या दिला. वडलांनी घोट घेतला, तोंडात धरला. गाल एकदा इकडे फुगला, एकदा तिकडे. गिळला. माझ्याकडे पाहिलं.

“जड हाय,” ते म्हणाले.

माझा मेव्हणा छताकडे बघू लागला. मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं कुठे बोललो होतो, माणसं तशीच आहेत. मी पावसाचा विषय काढला, तो उसात गेला. रस्त्याचा काढला, उसात गेला. देवदर्शनाचा काढला, तेव्हा परळीच्या वैजनाथापासून ते थेट तिथल्या साखर कारखान्यात शिरले. चहा नको म्हणाले आणि बशीने दोनदा प्यायले.

मग त्यांनी मागे हात नेला. भिंतीवर टिचकी मारली. टकटक. कान लावला.

“नऊ इंची का सा इंची?”

हा माणूस जगात नव्हता! हा मी सतरंज्यांमध्ये बसून घडवला होता, आणि आता तो माझ्या गादीवर बसून माझ्या भिंतीला कान लावत होता. त्यांनी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, पाठ केलं होतं.

“नऊ,” मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

आता सांगा, मी काय करायचं? ही चेष्टा असली तर हसायला हवं. पण हा हिशोब चुकता करायला आलेला माणूस असेल आणि मी हसलो, तर माझी पोरगी गेली. न हसावं, तर हा घरी जाऊन म्हणेल, दुसऱ्याला हसतो, स्वतःवर आलं की तोंड पाडतो. उठून आतही जाता येईना, त्यांचा गुडघा माझ्या धोतराच्या सोग्यावर होता. आयुष्यभर हजार माणसं बसवून ठेवणारा मी, मला एका माणसाने बसवून ठेवलं. मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतो की रागाने थरथरतो, देव जाणे.

मुलगी पोहे घेऊन आली. वडलांनी तिला शिक्षण, नोकरी विचारलं. मग सहज म्हणाले, “कॉम्प्युटरचं समदं येतं म्हणं. लिहिणं-बिहिणं?”

“येतं,” मुलगी म्हणाली.

“शीर्षक-बिर्षक?”

तिने मान खाली घातली.

मग निघतो म्हणत ते उठले. बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. अखेर दाराबाहेर गेले. मी, बायको, मेव्हणा मागे. मुलगी उंबऱ्यात. त्यांनी एक पाय जीपमध्ये टाकला. मी मनात हात जोडले की बाबा, काहीही म्हण, शिव्या दे, पण तो एक शब्द नको.

“कळवतो,” ते म्हणाले.

जीप गेली. मुलगी वळून आत गेली, आणि मी तिच्यामागे जाऊ शकलो नाही. मी ओट्यावरच बसलो. रस्ता बघत बसलो. धूळ खाली बसली तरी माझ्याने उठवेना.

आत पिठाच्या डब्यावर मोबाइल वाजला. बायकोने आणून माझ्या कानाला लावला.

“पाव्हणं, मघाशी ‘कळवतो’ म्हणलतो का न्हाई?”

“व्हय.”

“तर कळवलं. पोरगी आमची. तारीख तुमी काढा. घाट उतरताना खिशातून पडंल म्हणून घाटाच्या अलीकडंच गाडी थांबवलीय.” आणि पलीकडे बाप-लेक असे हसले की बायकोला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी हसलो की रडलो हे तिलाच विचारा. मुलगी आतून पळत आली ती अनवाणी.

“पन एक अट हाय,” ते म्हणाले. “त्या सतरंज्यांत मलाबी बसायचंय. घाटावरच्यांवर बोलतो जरा.”

लग्नानंतर ते आले, साडेआठलाच, आणि गोदामात बसून मनसोक्त बोलले. घाटावरचा माणूस ताटात अख्खं रान वाढतो आणि वर म्हणतो दुष्काळ हाय, गोड मानून घ्या. आणि घाटावरचा मुलीचा बाप बैठकीला कानामागं साबण तसाच घेऊन बसतो, आपण सांगावं की न्हाई या पेचात पाव्हण्याचा चहा निवतो. मला कुणीच सांगितलं नव्हतं! शीर्षक मुलीनेच लिहिलं, शब्द न् शब्द टाइप करून खाली जोडला, आणि या खेपेला वर्णनात माझं नाव तिने न विचारताच घातलं.

तो एपिसोड सासर-माहेर दोन्हीकडचे शोधून शोधून ऐकतात. आता माझं नाव कुठेही टाका, पहिले व्याही येतात. मी त्यांच्या खाली, दुसरा, आणि तिथून हलायची सोय नाही.