दादाचा इंग्रजीचा पेपर

माझा दादा हुशार होता असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बहीण आहे, म्हणणारच. म्हणून आधी विहिरींचं सांगते.

आम्ही मूळचे केदारखेड्याचे. आमचे वडील, अण्णा, जालन्यात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले आणि आम्ही शहरात आलो. शेत चुलत्यांनी सांभाळलं. राज्य निजामाचं होतं. दादाच्या सरकारी शाळेत गणित, इतिहास, सगळं उर्दूत. घरात तर उर्दूचा एक शब्द नाही. सुरुवातीला तो शाळेतून आला की दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचा. पण मग त्यानं ती भाषा अशी धरली, की ज्यांच्या घरी जन्मापासून उर्दू होती ती मुलंही आमच्या ओट्यावर येऊन त्याच्याकडून निबंध तपासून घेऊ लागली.

एका उन्हाळ्यात तो केदारखेड्याला गेला होता. गावच्या काही विहिरी आटल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्याच काहींना पाणी होतं. हे त्याला चैन पडू देईना. दोरीला दगड बांधून तो विहिरीविहिरीतून पाणी मोजत फिरला. विहिरी खणणाऱ्या वडारांना विचारत बसला, मुरूम कुठं लागला, खडक कुठं फुटला. शाळा सुरू झाल्यावर त्यानं त्यावर उर्दूत लांबलचक लेख लिहिला आणि विज्ञानाच्या मास्तरांना दाखवला.

हे मास्तर मुसलमान होते, उंच, बारीक आवाजाचे. ते तो लेख घेऊन आमच्या घरी आले. मुलानं काही उद्योग केला की काय, म्हणून आई घाबरली.

"कंपाउंडरसाहेब," मास्तर अण्णांना म्हणाले, "तुमच्या मुलानं आपला अंदाज कोणता आणि पुरावा कोणता, हे बिलकुल अलग लिहिलंय. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलंय. हे मी शिकवलेलं नाही. ह्याला हैद्राबादला पाठवा. विद्यापीठात."

अण्णांनी त्यांना चहा दिला आणि मान हलवली. ते गेल्यावर म्हणाले, "आपल्या खानदानात आजवर कोणी गेलं न्हाई." पण त्यांचा आवाज आनंदाचा होता.

हैद्राबादच्या त्या विद्यापीठात वरपर्यंत सगळं शिक्षण उर्दूत चालायचं आणि त्याचा राज्यात मोठा अभिमान होता. मात्र आत जायला मॅट्रिक पास व्हावं लागे आणि मॅट्रिकला इंग्रजी सक्तीची. त्या एका विषयात गेला की बाकीचे सगळे विषय असून नसल्यासारखे.

दादानं औरंगाबादला जाऊन परीक्षा दिली. निकाल आला. गणितात, विज्ञानात, उर्दूत त्याच्या वर फार थोडे होते. इंग्रजीत तो नापास झाला होता.

पहिल्यांदा कोणी फार मनाला लावून घेतलं नाही. त्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर सारखे बदलत होते, मुलांनी नुसतं पाठ करायचं आणि लिहायचं. माझं वेगळं होतं. दवाखान्याच्या डॉक्टरबाईंच्या आग्रहावरून अण्णांनी मला मिशनच्या मुलींच्या शाळेत घातलं होतं. तिथं प्रार्थनेपासून खेळापर्यंत इंग्रजी कानावर पडायची. ती मी कधी शिकले तेही मला आठवत नाही. मी दादापेक्षा लहान, तरी अण्णा म्हणाले, "तूच शिकव त्याला."

दुपारी आई निजली की आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. दादा वाचायला कुठंच अडत नव्हता. शब्दकोश घेतला की कसलंही पुस्तक त्याला समजायचं. अडायचं ते लिहिताना. उर्दूत तो चार गोष्टी एकात एक गुंफून लांब वाक्य लिहायचा आणि ते शेवटी बरोबर जागेवर येऊन थांबायचं. तसंच तो इंग्रजीत करायला जायचा आणि अर्ध्यात वाक्य मोडायचं.

"छोटं लिही, दादा," मी म्हणायची.

"छोटं लिहिलं तर त्यातलं 'कारण' कुठं जाईल? कारण सांगायलाच तर वाक्य लांब करून राह्यलो."

स्पेलिंगवर तो खरोखर चिडायचा. "हे अक्षर बोलायचंच न्हाई, तर मंग लिहायचं कशाला?" मी म्हणायची, आहे तसं आहे. तो ते अक्षर पुन्हा पुन्हा लिहायचा. पाटी भरेपर्यंत.

दुसऱ्या परीक्षेहून तो परत आला तेव्हा मी स्टेशनवर अण्णांबरोबर गेले होते. घरी हातपाय धुतल्यावर मला एकटीला म्हणाला, "निबंधाला समुद्रकाठची सहल आल्ती."

"मग? काय लिहिलंस?"

"मी समुद्र पाह्यलाच न्हाई. मी विहिरींवर लिहिलं."

मला आधी हसू आलं, मग मी म्हटलं, "अरे, तपासणाऱ्याला वाटेल, ह्याला विषयच कळला नाही."

"कळल्ता की. पण न पाह्यलेलं पाह्यलं म्हणून कसं लिहावं?"

तो परत नापास झाला.

आता विज्ञानाचे मास्तर पेटून उठले. ते त्याचा तो विहिरींवरचा लेख घेऊन सुट्टीत हैद्राबादला गेले. तिथं शिक्षणखात्यातल्या एका मोठ्या साहेबांना भेटले. परत आल्यावर आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी लेख पूर्ण वाचला, वाखाणला, चहा पाजला, आणि म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा. वर गेल्यावर विज्ञानाची निम्मी पुस्तकं इंग्रजीत आहेत, ती ह्यानं कशी वाचायची? आणि इंग्रजी नसेल तर बाहेरची विद्यापीठं आपली पदवी मानणार नाहीत.

"ते खोटं बोलले नाहीत," मास्तर म्हणाले. "मी पण इंग्रजी पुस्तकं वाचूनच शिकवतो. मी फक्त एवढं म्हटलं, हुजूर, आत घेऊन शिकवा ना. एक वर्ष द्या. दारातच का अडवता? तर म्हणाले, एकाला दिलं तर हजारांना द्यावं लागेल."

"मंग द्यावं की हजारांना," आई आतून म्हणाली. ती परक्या माणसांपुढं कधी बोलत नसे. सगळे तिच्या दिशेनं बघायला लागले आणि ती दाराआड झाली.

त्याच वर्षी मी माझ्या शाळेतली शेवटची परीक्षा पास झाले. डॉक्टरबाई स्वतः अण्णांशी बोलल्या. मुलगी पुढं शिकली तर डॉक्टर होईल, इंग्रजी उत्तम आहे, राहण्याची सोय मी बघते, म्हणाल्या. अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भाकरीला पीठ मळत होते. माझे हात थांबले. दादा लगेच म्हणाला, "पाठवा अण्णा. हिला पाठवाच. माझ्याहून हिचं डोकं चांगलं आहे."

अण्णा वाईट माणूस नव्हते. जन्मात त्यांनी आमच्यावर हात उगारला नाही. पण ते म्हणाले, "तू घरी बसायचं आन् ती शिकायला जायची? लोकायला कोणत्या तोंडानं सांगू? तू पास झाला असता, हैद्राबादला असता, तर बहिणीला तुझ्याजवळ ठेवता आलं असतं."

दादाचा चेहरा मी पाहिला. ते पाहणं मला अजून सोसत नाही. तो उठून बाहेर गेला. आई मला म्हणाली, "पीठ वाळून राह्यलं, पाणी लाव." मी पाणी लावलं. त्या भाकरी मीच भाजल्या. जेवायला दादा आला नाही.

माझं लग्न वाटूरला झालं. घर चांगलं होतं, शेतीवाडीचं. माझी इंग्रजी तिथं बाटलीवरचं औषधाचं नाव वाचण्यापुरती उरली. गावात कोणाला दवाखान्यातून औषध आलं की बाटली माझ्याकडे यायची, आणि मी वाचून सांगायची, हे प्यायचं, हे चोळायचं.

दादा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला. ह्या वेळी त्याला शिकवायला मी नव्हते. पहिल्या बाळंतपणाला जालन्याला आले तेव्हा मला कळलं की तेही वर्ष गेलं. आईनंच सांगितलं, हळू आवाजात, घरात कोणी आजारी असल्यासारखं. दादा तोवर भोकरदनच्या तहसील कचेरीत उर्दू लिहिणारा कारकून म्हणून लागला होता. सुट्टीला घरी आला. माझ्या मुलीला त्यानं मांडीवर घेतलं, तिची बोटं उघडून बघितली. मी विचारलं, "काही लिहितोस का रे आता?"

"लिहितो की. दिवसभर. सारा, वसुली, अर्ज."

"तसं नाही."

"तसं न्हाई," तो म्हणाला, आणि पोरगी माझ्याकडे दिली.

कचेरीत मात्र त्याला मान होता. कोणाचा अर्ज अवघड असला की तहसीलदार दादालाच बोलवायचे. त्याच्या हातच्या उर्दूला दुरुस्ती लागत नाही म्हणायचे. मला वाटायचं, जाऊ दे, निदान ही भाषा तरी त्याची आहे.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी आम्हाला रझाकारांची भीती होती, निजाम हरल्यावर भ्यायची पाळी मुसलमानांवर आली. आम्हाला निजामाचं राज्य गेल्याचा आनंद झाला होता, तो खोटा कसा म्हणू? वाटूरला आम्ही पेढे वाटले. पण थोड्या दिवसांत मास्तर मुलाकडे हैद्राबादला कायमचे निघाले. त्यांच्या मोहल्ल्यातली पुष्कळ घरं बंद झाली होती. दादा त्यांना पोचवायला स्टेशनवर गेला. दोघं काय बोलले ते त्यानं कधी सांगितलं नाही. अण्णा लांब उभे होते. त्यांनी एवढंच पाहिलं, की गाडी सुटेपर्यंत मास्तर दादाचा हात धरून होते आणि दादा खाली बघत होता.

कचेरीत नवे साहेब आले. उर्दू कागद बंद झाले. मराठी आणि इंग्रजी सुरू झाली. जुन्या कारकुनांना साहेबांनी विचारलं, अहवाल इंग्रजीत कोण लिहू शकेल? दादानं हात वर केला नाही. त्याला जुन्या दफ्तराच्या खोलीत बसवलं. तिथले उर्दू कागद वाचून मराठीत सांगायचं, एवढंच काम. काही दिवसांनी त्यानं नोकरी सोडली आणि केदारखेड्याला शेतावर जाऊन राहिला.

इंग्रजी सक्तीची असावी का नसावी, ह्यावर मी पुढं पुष्कळ लोकांना भांडताना ऐकलं. शिकलेले लोक दोन्ही बाजूंनी छान बोलतात. मला त्यात बोलता येत नाही. इंग्रजीशिवाय वरची पुस्तकं बंद राहतात, हे मला कळतं. मी स्वतः ती भाषा प्रेमानं शिकले. पण कोणी म्हणालं, "जो खरा हुशार असेल तो इंग्रजी शिकेलच," की मी उठून आत जाते.

माझी मुलगी शिकायच्या वयाची झाली तेव्हा मी तिला घेऊन केदारखेड्याला गेले. दादा बैलांना पाणी दाखवून येत होता. दाढी पांढरी व्हायला लागली होती. मी म्हटलं, "दादा, हिला सुट्टीभर तुझ्यापाशी ठेवते. गणित शिकव, विचार करायला शिकव. मला काय, इंग्रजीच येते."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"तुला येतं तेच शिकव तिला," तो म्हणाला. "माझ्यापाशी बसवू नको."

"असं काय बोलतोस रे?"

"खरं तेच बोलून राह्यलो, बाई."

मग त्यानं तिला झाडाचे पेरू काढून दिले, चांगले पिकलेले निवडून निवडून. संध्याकाळच्या मोटारीला आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मोटार लांब गेल्यावर मुलीनं मला विचारलं, मामा का रडत होते. मला त्याचं रडणं दिसलं नव्हतं. मी खिडकीतून मागं वळून पाहिलं, तर रस्त्यावर नुसती धूळ होती.