सहीखालच्या दोन रेघा

सांगलीच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. एका बोटानं टाइप करायचा आणि प्रत्येक ओळीनंतर "बरं, म्होरं?" म्हणायचा.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझ्यावर खटला झाला आणि मी त्याचं कायमचं गिऱ्हाईक झालो. मी बँकेत कारकून. व्यापाऱ्यानं तारण ठेवलेली हळद जमिनीखालच्या पेवात असायची आणि पेवाचं तोंड मातीनं लिंपलेलं. ते उकरायचं कुणी? मी वर उभा राहून व्यापाऱ्याचा चहा प्यालो आणि 'माल समक्ष पाहिला' अशा दाखल्यावर सही ठोकली. सही माझी भारी झोकदार, खाली दोन रेघा. पुढं पेव उघडलं, तेव्हा आत नुसता काळोख होता.

"पण मी एक पैसासुद्धा खाल्ला नाही हो," मी टायपिस्टला दर खेपेला सांगायचो.

"न्हाई खाल्ला, खरं हाय. पर खोटा दाखला तुमीच दिला न्हवं? मग फसवणुकीत तुमीबी आरोपी. नोकरी तर जाईलच, वर तुरुंगबी हुईल. बरं, म्होरं?"

शेवटी कोर्टात द्यायचं माझं लेखी म्हणणं टाइप झालं. त्यानं कागद पुढं केला. मी ऐटीत सही केली, दोन्ही रेघा ओढल्या.

"आता वाचा," तो म्हणाला.

शेवटची ओळ होती: 'पेवातली सगळी हळद मीच विकली आणि मला त्याचं काहीएक वाटत नाही.'

माझा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं तो कागद शांतपणे फाडला, मशीनला दुसरा लावला आणि बोट उचललं.

"बरं, म्होरं?"