खाज्याच्या डब्यावरचा कागद

गुळात घोळलेल्या खाज्याची एक कांडी उचलायची, तिचं टोक कडकन मोडायचं, जिभेवर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. मग समोरचं कुणी ओरडायच्या आत आपणच सांगून टाकायचं, "डॉक्टरानच सांगल्यान हा!"

आमच्याकडच्या जत्रांना तुम्ही कधी आला असाल तर तिला पाहिलं असणार. देवळाच्या पायऱ्यांपासून चौथं नाहीतर पाचवं दुकान, गुळाच्या पाकाचा आणि आल्याचा वास, आणि दोन माणसांची जागा अडवून बसलेली ती. बाजूला माझं बांगड्यांचं दुकान. जत्रांचे दिवस असले की गावोगाव आम्ही शेजारी शेजारी बसायचो, नसले की कसालच्या आणि बांद्याच्या बाजारात. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव साली जमलेला हा शेजार दहा-अकरा वर्षं टिकला. मी तिला वयनी म्हणायची, ती मला बाये.

मला माणूस हातावरून कळतो. चेहरा विसरते मी, मनगट नाही विसरत. वयनीचा हात पावणेतीनचा, म्हणजे बांगडीचं सगळ्यात मोठं माप, आणि तोसुद्धा साबणाचं पाणी लावून, अंगठा मुडपून, माझा घाम काढून. ती हात ताठ धरायची आणि मी म्हणायची, "सैल सोड गो वयनी, माका तो घराक न्हेवक नको!" त्यावर ती अशी हसायची की तराजूची पारडी हलायची.

तिला साखर आहे हे कळलं ते पायामुळे. पाकाचा थेंब पायावर उडाला. खाजं करणाऱ्याला हे नवीन नाही, चार दिवसांत सुकतं. हिचं दोन महिने सुकेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. दवाखान्यातून आली ती लांबूनच ओरडत, "बाये, माझ्या रगतात गूळ गावलो! इतकी वर्षा ढवळलंय, थोडो आत जातलोच!" आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं ते.

मग गोळ्या सुरू झाल्या. आणि गोळ्यांबरोबर तिचा तो डॉक्टर. खरा नव्हे, तिच्या तोंडातला. दसरा आला की म्हणे, "सणाक चलता, डॉक्टरानच सांगल्यान हा." पाक चाखायचा तर, "चाखणा म्हणजे काय खाणा न्हय, डॉक्टरानच सांगल्यान हा." गर्दीच्या दिवशी ती दोन गोळ्या घेऊन यायची. का, तर आज पाक जास्त वेळा चाखावा लागणार. पुढं सुईचं औषध आलं. ते थंड ठेवायला जत्रेत फ्रीज कुठला? देवबागच्या एका मासेवालीच्या बर्फाच्या पेटीत, सुरमईच्या कुशीत ती बाटली असायची. वयनी दंड उघडा करून सुई टोचायची आणि म्हणायची, "वास येता गो, आज मी सुरमय झालंय."

एकदा मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले आणि सरळ विचारलं, "डॉक्टर, तुम्ही हिला सणाला गोड चालतं म्हणून सांगितलंत?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मी? मी कधी सांगितलं?"

वयनी पदर तोंडात कोंबून हसत होती. मी ती गोष्ट बाजारभर केली. तेव्हापासून तिनं डॉक्टरचं नाव काढलं रे काढलं की आमची दुकानांची सगळी ओळ हसायची. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

हसण्याचे दिवस संपत आले होते. पायाचं एक बोट काढावं लागलं. मग दुसरं. संध्याकाळी तिला नीट दिसेना, नोटा ती मला दाखवून घ्यायला लागली. गुडघे तिचं वजन पेलेनात. जत्रेच्या माळावर ती टेम्पोतून उतरायची तेव्हा चार माणसं लागायची, आणि ती चारही माणसं एकमेकांकडे बघायची. एक दिवस तिच्या मनगटात पावणेतीनचीही जाईना. मी बांगडी खाली ठेवली. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. आता बहुतेक मापाच्या भायर गेलंय मी."

तिचा मुलगा गल्फला हॉटेलात स्वयंपाकी. त्यानं तिकडं ऐकलं की वजन उतरवायचं ऑपरेशन निघालंय, पोटाची पिशवी लहान करतात, आणि साखरसुद्धा उतरते. त्यानं पैसे जमवले, रजा घेतली आणि आईला मुंबईला नेलं. जाताना ती मला म्हणाली, "पोट कापून गेल्यार चव खंय ऱ्हवता गो?" 

आली ती अर्धी होऊन आली. पुढच्या जत्रांना अडीचची बांगडी सहज गेली. वर्षानंतर सव्वादोनची, साबणाशिवाय. सुई बंद, मासेवालीची पेटी सुटली, सकाळची एक गोळी तेवढी उरली. लोक बघायला यायचे. टेम्पोतून ती एकटी उतरायची. सगळे म्हणायचे, नशीब काढलंस. मला मात्र बांगडी भरताना कसंतरी व्हायचं. मांस गेलेलं मनगट, वर सैल कातडी, आणि त्यात ती पूर्वीची वयनी शोधून सापडत नव्हती. अजून ती कांडीचं टोक मोडायची, पण जिभेवर न ठेवता नुसती हुंगायची आणि ठेवून द्यायची.

ऑपरेशननंतर आईला घरी सोडून मुलगा परत गेला, तेव्हा जाताना मुद्दाम माझ्याकडे आला होता. "मावशे, तू बाजूक असतंस. आवशीच्या हाताक गोडाचा लागूक देव नको. ती डॉक्टराचा नाव घेतली, आयकू नको."

मी म्हटलं, "जा तू बिनघोर. मी आसंय."

त्यानं हॉस्पिटलचा एक कागद दिला. मी शाळेत गेलेली नाही. बांगड्या ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या, त्यांवर बोट फिरवत अक्षरं जुळवायला शिकले, आणि बाजारात वाचता येणारी बाई म्हणून माझा थोडा तोरा होता. मी तो कागद सगळ्या ओळीला वाचून दाखवला. 'थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खावे.' 'साखर, गूळ, मिठाई वर्ज्य.' त्या वर्ज्यवर मी दोनदा अडले, पण काढला. तो सगळ्यांच्या नजरेसमोर राहावा म्हणून मीच मैद्याची खळ शिजवली आणि खाज्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर चिकटवायला घेतला.

खळ फासताना वयनी म्हणाली, "मागल्या अंगाक सिस्टरीन पेनान कायतरी लिवन दिल्यान हा. तां पण वाच."

"फोन नंबर असतलो," मी म्हटलं. गिऱ्हाईक उभं होतं, बोटं चिकट झाली होती. मी कागद डब्यावर दाबला आणि चारही कोपरे अंगठ्यानं घट्ट बसवले.

नंतर कसालच्या बाजारात एकदा तिच्या पिशवीत सुट्टे शोधताना मला कागदाची छोटी पुडी लागली. उघडली तर साखर. मी चोर पकडल्यासारखी ती वर धरली. "ह्या काय गो?"

"सिस्टरीन सांगल्यान हा. हात थरथरूक लागले काय तोंडात घालूची."

"आता सिस्टर पण?" मी म्हटलं, आणि ओळ हसली. मी पुडी रस्त्यावर झटकली. वयनी हसली नाही. मुंग्या येईपर्यंत ती त्या साखरेकडे बघत राहिली.

जत्रेचा दिवस होता. ओटी भरायला बायकांची रांग देवळाला वळसा घालून आमच्यापर्यंत आलेली. वयनी सकाळची गोळी घेऊन बसली होती, पण गर्दीत तिचे ते थोडं थोडं खायचे डबे तसेच राहिले. मलाही उसंत नव्हती. दुपारी माझ्या लक्षात आलं की तिनं एकाच माणसाला दोनदा खाजं दिलं. मग एकदम मोठ्यानं हसली, समोर कुणी नसताना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाये, आज देवळाचो कळस हलता बघ."

"ऊन लागला तुका," मी म्हटलं. "पाणी पी."

थोड्या वेळानं तिनं खाज्याच्या ढिगात हात घातला. तोलायला नव्हे. मूठ भरून तोंडाकडे न्यायला लागली. मी झटकन तिचं मनगट पकडलं. गार, घामानं निसरडं. आणि मी भरलेल्या बांगड्या किणकिणत होत्या. हात मी घट्ट धरला होता, तरी त्या आपोआप वाजत होत्या.

"सोड बाये," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "डॉक्टरानच सांगल्यान हा."

पलीकडचा नारळवाला पहिला हसला. मग सगळे. मीही. तिनं दुसऱ्या हातानं डब्याकडे बोट केलं. "थंय... मागल्या..."

"तां वाचलंय मी शंभरदा," मी म्हटलं, आणि तिची मूठ एकेक बोट करून उघडली. मोठा सराव आहे मला, बायकांची आखडलेली बोटं सोडवायचा. खाजं काढून घेतलं आणि तिचा तळवा माझ्या पदरानं पुसला, चिकटपणा राहू नये म्हणून.

ती माझ्या अंगावर कलंडली. माणसं धावली. नारळवाला ओरडला, "चाय हाडा कोणीतरी!" आणि मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, "बिनसाखरेची!" शेवटी बिनसाखरेची मिळाली. तिच्या ओठांतून ती नुसती ओघळली.

कुणीतरी जीप आणली, पण जत्रेच्या गर्दीतून ती बाहेर काढायलाच तासभर गेला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बांगड्या वाजायच्या थांबल्या तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, थरथर गेली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. त्यानं तिच्या बोटाला टोचून पाहिलं आणि ओरडून सलाईन मागवलं. सुई लावता लावता मला विचारलं, "हिला गोड काही दिलंत का?"

"छे हो डॉक्टर," मी म्हटलं, "एक कणसुद्धा नाही. हातातलं काढून घेतलं मी."

त्यानं माझ्याकडे वर पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो पुन्हा तिच्या हाताकडे वळला. मग नर्सनं तिच्या बांगड्या उतरवल्या. नुसत्या ओढल्या आणि आल्या.

चार दिवस ती तशीच होती. मुलगा पोचला, त्यानं हाका मारल्या. तिनं डोळे उघडले नाहीत. पाचव्या दिवशी गेली. रक्तातली साखर फार उतरली होती, वेळेवर चिमूटभर साखर गेली असती तर, असं त्या डॉक्टरनं मुलाला व्हरांड्यात सांगितलं. मी खांबामागं होते. मुलगा अजूनही येतो तेव्हा माझ्यासाठी खजूर आणतो.

तिचा नवरा घरी कांड्या तळायचा, अबोल माणूस. त्यानं भट्टी विझवली ती विझवलीच. महिन्यानं मला बोलावून तो डबा पुढं केला. "तुका बांगड्यो ठेवूक होतलो."

मी डबा घरी आणला. विहिरीवर नेला, ओला फडका कागदावर घालून ठेवला. माझी खळ चांगली होती, सुटायला दुपार गेली. मग कागद एका कोपऱ्यानं उठला आणि हळूहळू सगळा हातात आला. मी तो उलटा करून धोंड्यावर पसरला.

निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, मोठं, सावकाश, शाळेतल्या पोरींना लिहून द्यावं तसं: 'हात थरथरले, घाम आला, बोलणं बदललं तर लगेच तोंडात साखर किंवा गूळ घाला. थांबू नका.' आणि त्याखाली रेघ मारून: 'हे शेजारच्यांना वाचून दाखवा.'

मी ते मोठ्यानं वाचलं. अक्षर सुरेख होतं. मला कुठंही अडायला झालं नाही.