‘लई पानी’ आन् बाकीची इंग्रजी गाणी

गाळप संपलं की साखर कारखान्यावर दोनच गोष्टी उरतात, चिपाडाचा ढीग आन् किस्से. दुष्काळात तर ऊसच नसायचा, त्यामुळं गाळप लौकर आटपायचं आन् किस्से जास्त साठायचे.

मी वर्कशॉपच्या स्टोअरला होतो. आमचे हेड फिटर बशीरभाई. त्यांच्या भाच्यानं कुवेतहून एक टेपरेकॉर्डर आन् एक कॅसेट पाठवली. कॅसेट अमेरिकेतल्या कुणा नाचऱ्या गवयाची होती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत न्हाय, पण त्यातली तीन गाणी मला आजबी आवडतात. का, ते इचारू नका.

*

इंग्रजी नावं कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून आमीच बारसं केलं. पहिलं ‘पट्टा सटकला’. त्यात मधीच गिटार मशीनचा पट्टा सटकल्यागत अशी किंचाळायची की पहिल्यांदा ऐकल्यावर आमचा लेथवाला, दिलीप टर्नर, हातातला चहा टाकून लेथ बंद करायला पळाला.

लेथ बंदच होता. लाइट सकाळपासून गेलेली, टेप शेलवर चालू होता!

*

दुसरं ‘गंधक’. कारखान्यात गंधकाचा धूर नाकात गेला की माणूस रडतो, खोकतो आन् देवाचं नाव घेतो. हा गवई त्या गाण्यात तिन्ही करायचा. बशीरभाईंना लई कीव यायची. म्हणायचे, “बेचाऱ्याला कुनी पानी तरी द्या रे.”

*

तिसरं ‘लई पानी’. गवई जीव तोडून काहीतरी वरडायचा, आमाला ते सरळ “लई पानी, लई पानी” ऐकू यायचं. दिलीपचं हे सगळ्यात आवडतं.

त्याला कारण होतं. त्याच्या गावाला टँकर चालू. तिशी उलटली तरी लग्न जमंना. तीन स्थळं परत गेली, पोरगी काय घागरी वाहायला द्यायची म्हणून. बोलून दाखवायचा न्हाय बिचारा, नुसता टेप मागं फिरवून तेच गाणं लावायचा. आमाला वाईट वाटायचं.

*

कॅसेटवर त्या गवयाचा फोटो होता. डोळ्यात काजळ, कानात डूल, उघडी छाती आन् वर बारीक मिशी. कँटीनचे म्हातारे काका अणदूरचे, जल्म खंडोबाच्या दारात गेलेला. त्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आन् इचारलं, “वाघ्या हाय का मुरळी?”

बशीरभाई म्हणाले, “दोनोंच है, काका.”

*

मग पुण्याकडचे नवे केमिस्ट साहेब आले. त्यांनी ‘लई पानी’ ऐकलं आन् कपाळाला हात लावला. म्हणाले, हे लई चावट गाणं हाय, यावरनं त्याच्याच देशात बोंबाबोंब चाललीय. दिलीपनं अर्थ इचारला, तर साहेब लालेलाल झाले, सांगंनात. जाता जाता एवढंच बोलले, “याचा अर्थ कळला, तर तुला कुणी मुलगी देणार नाही.”

दिलीपनं कॅसेट बशीरभाईंच्या हवाली केली. दोन दिवस जेवला न्हाय.

*

त्याच उन्हाळ्यात दिलीपला कॉलनीत क्वार्टर मिळालं, नळाचं. लगेच चौथं स्थळ आलं. मुलीचे वडील ईट गावाकडचे हेडमास्तर, आन् इषय इंग्रजी! पोरगा कामावर कसा दिसतो ते बघायला म्हणून थेट वर्कशॉपात आले. दिलीपचे मामा संगं होते. गुरुजींवर छाप पडावी म्हणून मामा म्हणाले, आमच्या दिलीपला इंग्रजी गाण्याचा लई नाद हाय. आन् आमी न्हाय न्हाय म्हणंपर्यंत त्यांनी बशीरभाईंच्या टेपचं बटण दाबलं. कॅसेट आतच होती.

नेमकं ‘लई पानी’ लागलं.

बशीरभाई छताकडं बघाय लागले. दिलीप घामानं थबथबला. मला तर वाटलं, गेलं हेबी स्थळ. गुरुजींनी कप बशीत ठेवला, डोळे मिटले आन् सगळं गाणं ऐकलं, शेवटपर्यंत.

मामा कौतुकानं म्हणाले, “पाण्याचं गाणं हाय म्हणं, गुरुजी. तुमाला तर सगळं कळलं आसंल.”

गुरुजींनी दिलीपकडं बघितलं. ग्रीसचे हात मागं लपवून तो खाली मान घालून उभा होता.

“व्हय,” गुरुजी म्हणाले. “पाण्याचंच हाय. लई तळमळीनं मागतोय.”

तिथंच सुपारी फुटली. कँटीनमधनं पेढे आले. सगळी गेटाकडं निघाली, तवा गुरुजी जरा मागं रेंगाळले. माझ्या स्टोअरच्या खिडकीपाशी त्यांनी दिलीपला बाजूला घेतलं आन् हळूच इचारलं,

“जावईबापू, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बी पाण्याचंच हाय का?”