हिला विचारायचं नाही

नहराची पाळ संपून जंगलातली पायवाट लागली, तेव्हा हर्षाबाईंनी कौतुकाने विषय काढला. पावसाळ्यातला बौद्धांचा वर्षावास चालू होता. पलीकडच्या गावच्या विहारात रविवारी ग्रंथवाचन असायचं, आणि जीप मिळाली नाही म्हणून बाई आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी संघप्रिया पायीच निघाल्या होत्या.

"तुझी लेक श्रावस्ती अगदी तुझ्यावर गेली," बाई म्हणाल्या. "तिला काही विचारावंच लागत नाही."

संघप्रिया दोन पावलं पुढे झाली.

बाई आता श्रावस्तीच्या वर्गाला शिकवत होत्या; तेवीस वर्षांपूर्वीही त्या गावच्या याच शाळेवर होत्या. चौथीतली संघप्रिया शिष्यवृत्ती परीक्षेत तालुक्यात पहिली आली आणि तिचं नाव शाळेच्या भिंतीवर रंगवलं गेलं. त्या दिवसापासून तिच्या आईने, बायनाबाईने, लेकीला धानाच्या चिखलात पाय ठेवू दिला नाही. माय रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायची, लेक बांधावर पुस्तक घेऊन बसायची. गावाने नावच पाडलं, कलेक्टरीण.

पुढे ब्रह्मपुरीला विज्ञान शाखा घेतली. बारावीत गणित राहिलं. पुन्हा बसली, पुन्हा राहिलं. मग लग्न झालं. आता ती दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवण्याला जाते. बाया भराभर मागे सरकतात, हिची रांग तेवढी अर्धवट राहते. "कलेक्टरीण, सही करून राह्यली का वो?" शेजारच्या रांगेतली गुणाबाई विचारते, बाया हसतात. संघप्रियाही हसते.

नाल्याजवळ चपला हातात घेताना ती म्हणाली, "बाई, मले चौथीत भागाकार येत नव्हता."

बाईंना वाटलं, थट्टा करते आहे.

"खरंच नाई. पेपरात चार उत्तरं दिली राहत. मी एकेक उलटं गुणून पाहत होती. जुळलं का झालं. ब्रह्मपुरीत उत्तरं कोणी देत नाई ना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सगळ्याइले फळ्याजवळ बोलवत होत्या. माझ्यापाशी आल्या का म्हणत, हिला विचारायचं नाही, हिला येतं. मले ते लई गोड लागे. मंग तिकडं कॉलेजात सरांनी सोताहून विचारलं, तरी मले येत नाई म्हणता आलं नाई."

पाणी घोट्याएवढंच होतं, तरी बाई मध्येच उभ्या राहिल्या. संघप्रियाच्याच वर्गातला लहानू रोज फळ्याजवळ रडायचा, ते त्यांना आठवलं. रडत रडत का होईना, तो भागाकार शिकला होता. या पोरीचं त्यांनी फक्त कौतुक केलं.

संघप्रियाने हात पुढे करून त्यांना काठावर घेतलं.

"तुमचा राग नाई बाई. पण श्रावस्तीलेही भागाकार येत नाई. मी घरी बसवून पाह्यलं. उद्या तिले फळ्याजवळ बोलवा. चुकू द्या. पोरं हासले तं हासू द्या."