गिळताना दुखतं का?

मासळी ताजी आहे का, असे कुणी विचारले की आमची मासळीवाली उत्तर देत नसे. गिऱ्हाइकाचाच अंगठा धरून माशाच्या पोटावर दाबायची. "माशाले विचारा ना. मले काऊन विचारता?" भद्रावतीच्या आमच्या गल्लीत तिने असे अंगठे न धरलेली घरे थोडीच असतील.

तिच्या छातीत गाठ निघाली आणि चंद्रपूरला रोज शेक सुरू झाला. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. मी तिथल्या वाचनालयात कामाला, त्यामुळे आम्ही एकाच बसने जायचो.

पहिल्याच दिवशी सिस्टरने आम्हाला समोर बसवून सांगितले होते. अन्ननलिका किरणांच्या वाटेत येते, तिला सूज येऊ शकते. तिखट, कढत आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. मऊ, कोमट, थोडे थोडे खायचे. आणि गिळताना जरा जरी दुखले तरी त्याच दिवशी सांगायचे. त्यावर औषध आहे.

तिने पथ्य कसोशीने पाळले. खर्ऱ्याची पुडी बसस्टॉपवरच माझ्या हातात दिली. चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसायची. "हा चहा नाई भाऊ, चहाचं मयत हाये," म्हणायची आणि पिऊन टाकायची. तेव्हा मला हसू यायचे.

"मावशी, गिळताना दुखतं का?" सिस्टर विचारायची.

"नाई जी."

मग पेजेचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. पाण्याचा घोट घेताना ती पुढच्या सीटची दांडी पकडायची, तो उतरेपर्यंत सोडायची नाही. एक दिवस मी विचारलेच.

"तलावावर आमी मासोळी धुरावर सुकवतो ना," ती म्हणाली. "मंधात इस्तव इझला त सारी सडते. दुखते म्हनलं त हे लोक मशीन बंद करतीन. जळून राह्यलं म्हनजे शेक लागू पडून राह्यला. सांगू नोका, भाऊ."

बसमधून उतरताच मी सिस्टरला गाठून सांगितले. पण तोवर तिला थुंकीही गिळवत नव्हती. तिला भरती केले, नळीने अन्न सुरू झाले, शेक थांबवावा लागला.

"आधी बोलली असतीस तर औषधावर निभावलं असतं गं, मावशी," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. एकदाच म्हणाली, "इझवला ना इस्तव."

सूज उतरायला आठवडे गेले. ती नेटाने पेज पिऊ लागली, मग मऊ भात खाऊ लागली. स्कॅनचा नवा फोटो निघाला तेव्हा मात्र मलाच सोबत घेऊन गेली.

पुढे उन्हाळ्यात ती गेली. गल्लीत आता मासळी घेऊन कुणी येत नाही. तिला ओळखणारे तुम्हाला तिची बडबड सांगतील. मला त्या फोटोच्या दिवशीची ती दिसते.

डॉक्टरांनी फोटो बराच वेळ पाहिला. आजार यकृतापर्यंत गेला होता. आता शेक देऊन उपयोग नाही, असे ते हळू आवाजात म्हणाले.

"काऊन नाई? आता त गिळता येते ना मले."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तोंडाला लावली आणि न थांबता रिकामी केली. मग शाळेत जंताची गोळी गिळल्याचे मुले दाखवतात तसे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, ती डॉक्टरांकडे पाहत राहिली.